चोरीचा गेम सरळ, विकतचा आडमुठा?

प्रश्न : शाळेत असताना राइट केलेल्या सीडीवर ‘व्हाइस सिटी’ मनसोक्त खेळलो. आता कमावता झालो, म्हणून त्याची रिमास्टर आवृत्ती रीतसर विकत घेतली. तर ती लाँचर मागते, लॉगिन मागते, इंटरनेट मागते. वर जुनी गाणीही गायब. चोरीचा माल सरळ आणि विकतचाच आडमुठा, हे कसं?
– एक वाचक, मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुमची ती सीडी सरळ नव्हती, तिचं कुलूप तुमच्या हाती येण्याआधीच कुणीतरी फोडलं होतं. गेम सुरू होताना ड्राइव्हमध्ये अस्सल सीडी आहे का, याची तपासणी व्हायची. ‘क्रॅक’ म्हणजे ही तपासणी काढून टाकलेली फाइल. त्यामुळे जाच उरला तो पैसे मोजणाऱ्याला. टपावर बसलेल्याला कंडक्टर तिकीट कुठे विचारतो? गंमत म्हणजे 2008 साली युबीसॉफ्ट कंपनीने ‘रेनबो सिक्स व्हेगास 2’ या गेमच्या ग्राहकांना दुरुस्ती म्हणून दिलेली फाइल क्रॅक करणाऱ्या एका टोळीचीच निघाली!

अस्सल सीडी जपून ठेवली असती तरी भागलं असतंच असं नाही. ‘सेफडिस्क’ हे त्या काळचं कुलूप विंडोज 10 ओळखतच नाही. किल्ली खरी, पण दारच बदललेलं.

आता कुलूप सीडीवरून कंपनीच्या सर्व्हरवर गेलं आहे. तुमचा रिमास्टर ज्या संचात आहे, तो 11 नोव्हेंबर 2021 रोजी आला आणि लगेच गेमच्या मालक कंपनीचा, म्हणजे रॉकस्टारचा, लाँचर बंद पडला. संगणकावर खेळणारे ग्राहक पैसे भरून सुमारे तीन दिवस ताटकळले. गाण्यांचं कारण वेगळं. गेममध्ये गाणी वापरण्याचे परवाने बहुधा ठरावीक मुदतीचे असतात. मायकल जॅक्सनचं ‘बिली जीन’ म्हणूनच नव्या ‘व्हाइस सिटी’च्या रेडिओवर वाजत नाही.

‘विकत घेतला म्हणजे माझा झाला’ हा समजही इथे फसतो. मिळते ती वापरण्याची परवानगी. ‘द क्रू’ या 2014 च्या गेमचे सर्व्हर 31 मार्च 2024 रोजी बंद झाले, तेव्हा विकत घेतलेल्यांना तो एकट्यानेही खेळता येईना.

मग क्रॅकच बरा? कायदा तसं म्हणत नाही. ‘विकणारा गुन्हेगार, वापरणारा नाही’ हे तर साफ चूक. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63बी नुसार नकली प्रोग्रॅम जाणूनबुजून संगणकावर वापरणं हाही गुन्हा आहे. धंद्यासाठी नसेल तर न्यायालय तुरुंगवास टाळून 50,000 रुपयांपर्यंत दंडावर सोडू शकतं. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप फोडण्याला 2012 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. स्वतःच्या अस्सल प्रतीची राखीव प्रत करायला मात्र याच कायद्याची मुभा आहे. आणि चोरीची झळ फक्त परदेशी कंपन्यांना बसते असंही नाही. ‘राजी’ हा 2020 चा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या चमूने केला. अशांना एकेक विक्री मोलाची असते.

वैताग टाळायचा तर पैसे भरण्याआधी ‘इंटरनेटशिवाय चालतो का’ एवढं वाचून घ्या. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने 2008 साली सुरू केलेल्या ‘जीओजी’ दुकानात बरेच जुने गेम बिनकुलपाचे मिळतात. तिथला गेम पेनड्राइव्हवर उतरवून खुशाल जपून ठेवा. शेजाऱ्याला मात्र देऊ नका.