साक्षीदाराची आठवण आणि तीन शास्त्रं

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

पुराव्याचा कायदा अभ्यासाला आला की विद्यार्थी सूचक प्रश्नाचा नियम पाठ करून टाकतात. उत्तर सुचवणाऱ्या प्रश्नाला सरतपासणीत, म्हणजे साक्षीदार आणणाऱ्या बाजूनेच त्याला विचारताना, विरुद्ध पक्षाने हरकत घेतली, तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय तो विचारता येत नाही, उलटतपासणीत चालतो. १८७२च्या कायद्यातली ही तरतूद १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही टिकली आहे. तिच्यामागचं गृहीतक असं, की साक्षीदार आपल्या वकिलाच्या ओंजळीनं पाणी पिईल, विरुद्ध बाजूच्या नाही.

या गृहीतकाला मानसशास्त्राने धक्का दिला. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी अमेरिकेत १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली. ५० जणांना विचारलं, गाड्यांचा आदळून चुराडा झाला तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या ५० जणांना, नुसत्या धडकल्या तेव्हा किती होता? उरलेल्यांना वेगाबद्दल काहीच विचारलं नाही. आठवड्याने सगळ्यांना एकच प्रश्न: फुटलेली काच पाहिलीत का? फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. तरी पहिल्या गटातले १६ जण ‘हो’ म्हणाले. दुसऱ्यातले ७, तिसऱ्यातले ६. या मुलांना कुणाचीच बाजू राखायची नव्हती. त्यांची आठवणच प्रश्नाने रंगली होती, आणि असा प्रश्न कोर्टाच्या कितीतरी आधी, जबाब घेतानाच विचारला जाऊ शकतो.

इथे हुशार विद्यार्थी घाई करतात. साक्षीपुराव्यात काही अर्थच नाही, असं म्हणून मोकळे होतात. पण पहिल्या गटातल्या ३४ जणांनी काच पाहिल्याचं म्हटलं नाही! प्रयोग गटाबद्दल बोलतो. पिंजऱ्यात उभी असलेली बाई त्या सोळांसारखी की चौतिसांसारखी, हे तो सांगू शकत नाही; न्यायाधीशाला तर नेमकं तेच ठरवायचं असतं.

नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांची, वाट वेगळी. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त ज्ञानाचे मूळ भाग दोनच: स्मृती आणि अनुभव. प्रमा, म्हणजे यथार्थ ज्ञान, ते अनुभवात मोडतं. स्मृतीला ती जागा नाही. शिंपल्याच्या जागी चांदी दिसते, तेव्हा पूर्वी अन्यत्र पाहिलेली चांदी इथे भासते, असं त्यांचं विश्लेषण. भ्रमातला कोणता अंश कुठून आला, हे ते हुडकतात. असं किती जणांचं होतं, हा त्यांचा प्रश्नच नाही. वकिलाला मात्र हा शोध फार उपयोगी: साक्षीतलं पाहिलेलं किती, शेजाऱ्याकडून ऐकलेलं किती, मागाहून भरलेलं किती?

म्हणून मुक्ता, एका शास्त्राचं उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नावर चिकटवू नकोस. प्रयोग वाचून साक्षीदार खोटा ठरवू नये, आणि साक्षीदार प्रामाणिक दिसला म्हणून त्याची आठवण शाबूत आहे असंही धरू नये. कोर्टात या दुसऱ्या चुकीची भीती अधिक.

सुट्टीत वडिवेलू थेवर खटल्याचा १९५७चा निकाल पूर्ण वाच. सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांचे तीन वर्ग तिथे केले: पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वासार्ह आणि या दोहोंच्या मधले. मृताच्या पत्नीच्या एकटीच्या साक्षीवर फाशी कायम झाली. तिची साक्ष पहिल्या वर्गात का बसली, ती कारणं वेगळी काढ आणि प्रत्येकापुढे लिही: हे तिच्या प्रामाणिकपणाबद्दल आहे, की तिच्या आठवणीबद्दल? कागद माझ्याकडे पाठव.

तुझा,
काका