पुडी एक, पाणी किती?



जुलाब होऊ लागले की रोग्याला जलसंजीवनी पाजतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. १९७१ साली बांगलादेशच्या सीमेजवळ बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच द्रावणाने पुष्कळ रोग्यांचे प्राण वाचवले. पण हेच द्रावण चुकीच्या प्रमाणात केले तर अपाय होतो. तो कसा, हे आपण गणिताने पाहू.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ सालच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्याच्या पुडीत साधे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. यात सोडियम किती?

मिठाचा रेणुभार २३ + ३५.५ = ५८.५.
२.६ ÷ ५८.५ = ०.०४४ मोल. सोडियमही तितकेच.

सायट्रेटचा रेणुभार, स्फटिकजल धरून, २९४.
२.९ ÷ २९४ = सुमारे ०.०१ मोल. त्यात सोडियमचे तीन अणू, म्हणून ०.०३ मोल.

बेरीज ०.०७४ मोल, म्हणजे ७४ मिलिमोल. अधिकृत आकडा ७५ आहे. तोच आपण घेऊ.

आता संहती म्हणजे मोल भागिले लिटर. पुडी एक लिटर पाण्यात विरघळवली तर सोडियमची संहती लिटरला ७५ मिलिमोल. तीच पुडी कोणी २०० मिलिलिटरच्या पेल्यात ओतली तर?

७५ ÷ ०.२ = ३७५ मिलिमोल!

निरोगी माणसाच्या रक्तात सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल असते. असे दाट द्रावण पोटात गेले की रक्तातले सोडियम वाढते, पेशींतले पाणी बाहेर खेचले जाते आणि मेंदूलाही इजा होऊ शकते. उलट दोन लिटर पाणी घेतले तर संहती ३७.५ वर येते आणि शरीराने गमावलेले क्षार पुरेसे भरून निघत नाहीत.

बाजारात २०० मिलिलिटरच्या लहान पुड्याही मिळतात. म्हणून पुडी फोडण्यापूर्वी तिच्यावरचा पाण्याचा आकडा वाचा, आणि पाणी मापानेच घ्या.

आता एक गणित तुमच्यासाठी. ग्लुकोजचा रेणुभार १८० आहे. एक लिटर द्रावणात त्याची संहती काढा. उत्तर सोडियमइतकेच येईल. हा योगायोग नव्हे: आतड्यात सोडियम व ग्लुकोज जोडीने शोषले जातात, आणि त्यांच्यामागोमाग पाणी!