बोटावरच्या थेंबाचा हिशेब

१९६९ सालच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमधला एक अभियंता प्रयोगशाळेच्या उपकरणांचं एक व्यापारी मासिक चाळत होता. त्यातल्या जाहिरातीतलं यंत्र रक्ताच्या एका थेंबावरून मिनिटभरात साखर सांगत होतं. वजन दीड किलोच्या आतबाहेर, किंमत ६५० डॉलर आणि विक्री फक्त डॉक्टरांना व रुग्णालयांना. रात्री प्रयोगशाळा बंद असताना बेशुद्ध अवस्थेत आणलेला माणूस दारू प्यायलाय की मधुमेहाने कोसळलाय, हे तातडीच्या विभागाला लगेच कळावं म्हणून ते काढलं होतं. रुग्णाने ते घरी वापरावं, हे कुणाच्या मनातही नव्हतं. सुदैवाने या अभियंत्याची बायको डॉक्टर होती. यंत्र तिच्या नावावर मागवलं गेलं.

अभियंत्याचं नाव रिचर्ड बर्नस्टीन. वय ३५. त्याला १९४६ साली, बाराव्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला होता. म्हणजे शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, ते बाहेरून टोचून घ्यावं लागतं. त्यापुढची २३ वर्षं तो अत्यंत आज्ञाधारक रुग्ण होता. त्या काळचं पथ्य सांगायचं की तेल-तूप कमी करा आणि पोट ब्रेड-बटाट्यासारख्या पिष्टमय पदार्थांनी भरा. त्याने ते निमूटपणे पाळलं, इन्शुलिन चुकवलं नाही, लघवीची तपासणी टाळली नाही. तरीही तिशीत त्याचे खांदे आखडले, पावलांचा आकार बिघडला, नसा बधिर होऊ लागल्या आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली. मूत्रपिंड खराब होत असल्याची ती खूण. हे सगळं त्यानेच पुढे आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे.

पथ्य पाळूनही असं का व्हावं? एक कारण त्या लघवीच्या तपासणीत होतं. आपल्याकडेही जुन्या पिढीला ती चांगली आठवत असेल. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून तापवायचं आणि रंग विटकरी झाला की घाबरायचं. अडचण अशी की रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. शुगर १७० असो, ९० असो की धोकादायकरीत्या घसरून ४५ झालेली असो, द्रावण निळंच राहतं. शिवाय लघवी तासन्‌तास साठलेली असते, त्यामुळे उत्तर मिळतं तेही शिळं.

यंत्र हाती आल्यावर बर्नस्टीन दिवसातून पाचेक वेळा बोट टोचू लागला. आकडे पाहून तो हबकला. चाळीसच्या खाली आणि चारशेच्या वर, असे हेलकावे एकाच दिवसात दोन-दोनदा होत होते. मग त्याने अभियंत्याला शोभेल असंच केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पुन्हा मोजायचं आणि लिहून ठेवायचं. इन्शुलिनचं एक मोठं इंजेक्शन मोडून त्याचे लहान डोस केले. ताटातले पिष्टमय पदार्थ कमी करत नेले. एक ग्रॅम कर्बोदकांनी आपली शुगर साधारण पाच मिलिग्रॅमने वाढते, हे त्याने स्वतःवरच मोजून काढलं. त्यातून त्याचा आवडता नियम निघाला. ताटात कर्बोदकं जितकी जास्त, तितका अंदाज चुकण्याला वाव मोठा. इन्शुलिनही तितकंच जास्त लागणार आणि त्याची चूकही तितकीच महागात पडणार. दोन्ही लहान ठेवा, म्हणजे चूकही लहान राहते.

काही वर्षांत त्याची शुगर निरोगी माणसाच्या जवळपास आली आणि लघवीतली प्रथिनंही थांबली. हे त्याने लिहून वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठवलं. ते छापायला कुणी तयार होईना, कारण लिहिणारा डॉक्टर नव्हता. तेव्हा हा गृहस्थ १९७९ साली, वयाच्या ४५व्या वर्षी, चक्क वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला आणि १९८३ मध्ये त्याने स्वतःचा दवाखाना उघडला. त्याच सुमारास अमेरिका-कॅनडात टाइप १ च्या १,४४१ रुग्णांवर एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्याचा निष्कर्ष १९९३ मध्ये आला: वारंवार मोजून शुगर काटेकोर ठेवणाऱ्यांमध्ये, आधी डोळे ठीक असलेल्यांना पडद्याचा विकार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. घरी मोजण्याला त्यातून भक्कम पाठबळ मिळालं. डॉ. बर्नस्टीन एप्रिल २०२५ मध्ये वारले, तेव्हा त्यांचं वय ९० होतं. टाइप १ चा रुग्ण इतकं जगल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

त्यांच्या आहाराबद्दल मात्र हात राखून बोलायला हवं. दिवसाला फक्त ३० ग्रॅम कर्बोदकं. सहा नाश्त्याला, बारा दुपारी, बारा रात्री. आपल्या हिशेबात हे बसवायचं तर एक मध्यम फुलका खाल्ला की दुपारचा कोटा संपून वर उधारी होते. त्यांच्या पद्धतीने जेवणाऱ्या टाइप १ च्या ३१६ रुग्णांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारा आकडा, सरासरी ५.६७ टक्के निघाला. आकडा थक्क करणारा आहे. पण ही मंडळी स्वतःहून हा मार्ग धरलेली आणि त्यावर टिकलेली होती. ज्यांना तो झेपला नाही ते या पाहणीत आले नाहीत. मला स्वतःला बर्नस्टीन यांच्या ताटापेक्षा त्यांची वही जास्त मोलाची वाटते.

कारण आपल्याकडचा मधुमेह बहुतांशी टाइप २ आहे. त्यात इन्शुलिन असतं, पण ते पुरेसं काम करत नाही. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी माणसं ‘बॉर्डरवर’ असल्याचा अंदाज निघाला. त्याच पाहणीच्या पुढच्या भागात भारतीय माणूस आपल्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून घेतो, असं दिसलं. ‘आम्ही कुठे जाड आहोत’ या युक्तिवादालाही फारसा अर्थ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात काय दडलेलं असतं, ते त्या एका फोटोने जगाला दाखवलं.

आपल्याकडे तपासणीची रीत ठरलेली आहे. तीन महिन्यांनी लॅबमध्ये जायचं, फास्टिंग द्यायचं, चहा-नाश्ता करून पीपी द्यायचं. त्यातही आदल्या आठवड्यात गोड बंद आणि फिरणं दुप्पट. असा ‘अभ्यास’ करून दिलेल्या तपासणीतून फसवणूक होते ती स्वतःचीच. आणि नेमकं काय खाल्ल्यावर शुगर चढते, हे त्यातून कळतच नाही.

त्यासाठी घरच्या ग्लुकोमीटरवर जोडीने मोजावं लागतं. एक आकडा जेवणाआधी आणि दुसरा पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी. जेवण संपल्यापासून दोन तास धरण्याची चूक फार जण करतात. इन्शुलिन घेत नसाल तर मोजायचं रोज नाही. सकाळ-संध्याकाळ पट्ट्या जाळून काही साधत नाही. एका आठवड्यात नाश्ता निवडा. एक दिवस पोहे, एक दिवस मुगाचं धिरडं, एक दिवस दोन अंडी आणि अर्धी भाकरी. शेजारी आकडे लिहा. पुढच्या आठवड्यात रात्रीचं जेवण घ्या. आकड्यांचा अर्थ लावताना बहुतेक प्रौढांसाठी डॉक्टर उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत आणि एचबीएवनसी ७ च्या खाली ही मर्यादा धरतात. खूप वयस्कर माणसाला किंवा ज्याची शुगर सारखी उतरते अशा रुग्णाला ती सैल करून देतात. स्वतःची मर्यादा डॉक्टरांकडून लिहून घ्यावी.

अशी वही ठेवली की घरातल्या बऱ्याच समजुती आपोआप गळून पडतात. पहिली एकादशीची. कोरड्या साबुदाण्यात शंभर ग्रॅमला ८५ ग्रॅमहून अधिक कर्बोदकं असतात आणि प्रथिनं जवळजवळ शून्य. वर बटाटा घातलेली खिचडी खाऊन दोन तासांनी बोट टोचलं, तर उपवास कशाला म्हणायचं असा प्रश्न पडेल. दाणे, ताक, काकडीची कोशिंबीर यांवर तो दिवस काढता येतो. मात्र गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारायला हवं. दुसरी समजूत भाकरीची. ज्वारीत चोथा चांगला असतो, हे खरं. पण कर्बोदकं ज्वारीच्या पिठातही गव्हाइतकीच असतात. एक भाकरी चालते म्हणून तीन चालत नाहीत. आणि साखरेऐवजी गूळ घेणाऱ्यांना मीटर काहीच सवलत देत नाही. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बिस्किटांतला मैदाही शेवटी साखरच होतो.

काही गोष्टी मात्र अपेक्षेपेक्षा स्वस्तात मिळतात. २०१५ साली न्यूयॉर्कच्या वाईल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी टाइप २ च्या ११ रुग्णांना तेच जेवण दोन क्रमांनी दिलं. भाज्या आणि प्रथिनं आधी व ब्रेड शेवटी खाल्ल्यावर तासाभरानंतरची शुगर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी होती. अभ्यास लहान आहे, पण घरी करून बघायला पैसे पडत नाहीत. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी, भात शेवटी आणि थोडा. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या २०१६ च्या अभ्यासात, दिवसात एकदाच अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्याने जेवणानंतरची शुगर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. सोसायटीच्या आवारातली शतपावली इतकी कामाची निघेल असं वाटलं नव्हतं.

आता मीटरच्या खोडी. आंबा कापलेल्या हाताने बोट टोचलं तर आकडा भलताच चढलेला दिसतो, कारण साखर बोटावरच असते. सॅनिटायझरचा भरवसा धरू नये. हात साबणाने धुवून कोरडे करावेत. सुई बोटाच्या कडेला टोचावी, तिथे दुखतं कमी. बोट पिळून पिळून थेंब काढू नये. पट्ट्यांची डबी लगेच घट्ट बंद करावी. कोकणातल्या पावसाळ्यात तर उघडी राहिलेली डबी सरळ फेकून द्यावी. लॅब आणि मीटर यांच्या आकड्यांत थोडा फरक राहणारच. आंतरराष्ट्रीय निकषच घरगुती मीटरला शंभराच्या वरच्या आकड्यावर १५ टक्क्यांपर्यंतची सूट देतात. म्हणून १४२ आणि १५० यांत फरक शोधत बसू नये.

एचबीएवनसीलाही डोळे मिटून मान देऊ नये. ती तपासणी तांबड्या पेशींवर अवलंबून आहे. लोहाच्या कमतरतेने झालेल्या रक्तक्षयात ती खोटी जास्त येऊ शकते. सिकलसेलच्या रुग्णात पेशी लवकर मरतात, तिथे ती खोटी कमी येते. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल असलेली कितीतरी घरं आहेत. त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवी.

सगळ्यात काळजीची बाब शेवटी सांगतो, कारण उत्साही माणसं इथेच फसतात. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या व्याख्यानांनी दिवसातून दोनदाच जेवणं महाराष्ट्रात घरोघरी पोहोचवलं. कमी कर्बोदकांचे इतर आहारही आता सर्रास चालतात. वजन उतरवून टाइप २ मागे हटवता येतो, हेही खोटं नाही. ब्रिटनमधल्या २०१७ च्या एका अभ्यासात अत्यंत कमी उष्मांकांचा आहार घेतलेल्यांपैकी ४६ टक्के जण वर्षअखेरीस गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. पण त्यांच्या पाठीशी दवाखाना होता आणि औषधं त्याच्या देखरेखीखाली थांबवलेली होती. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन तेवढंच ठेवून ताटातला भात एकदम काढला, तर शुगर सत्तरच्या खाली घसरते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस वाटेल ते बोलू लागतो. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्या घेणाऱ्याने कर्बोदकं जवळपास बंद केली तर वेगळाच धोका असतो. रक्तात आम्ल साठतं आणि मीटर मात्र जवळपास बरा आकडा दाखवत राहतो. उलट्या, पोटदुखी आणि धाप एकत्र आली की शुगर १८० आहे म्हणून घरी थांबू नये.

म्हणून आहार बदलायचा ठरलं की आधी गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि कोणती गोळी कधी कमी करायची ते विचारा. पुढच्या भेटीला शुगरची वही न्या. त्यात चांगल्या आकड्यांबरोबर लग्नाच्या पंगतीनंतरचा आकडाही असू द्या. तुम्हाला मधुमेह असेल तर तिशी ओलांडलेल्या भावंडांची तपासणीही करून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या प्रत्येकाची मधुमेह तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमाखाली मोफत होते.