वकिलाविना पक्षकार आणि संगणकावरील कायदेविषयक साहाय्य

दिवाणी न्यायालयाचे समन्स हाती पडले की सामान्य पक्षकारास प्रथम चिंता पडते ती वकिलाच्या फीची. फी परवडत नाही म्हणून तो कागद पेटीत ठेवला जातो, आणि हानी होते ती नेमकी येथेच. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिवादीने लेखी कैफियत दाखल करावी, असा दिवाणी प्रक्रिया संहितेचा नियम आहे. न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. प्रतिवादी गैरहजर राहिल्यास दावा एकतर्फी चालतो आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीनही हुकूमनाम्याने हातची जाऊ शकते.

म्हणून संगणकाचा वा मोबाइलचा पहिला उपयोग तारीख पाहण्यासाठी करावा. जिल्हा व तालुका न्यायालयांतील प्रकरणांची माहिती ‘ई-कोर्ट्स’ सेवेवर विनामूल्य मिळते. प्रत्येक प्रकरणास ‘सीएनआर’ हा १६ अक्षरांकांचा क्रमांक असतो. तो घातला असता पुढील तारीख व प्रकरणाचा टप्पा कळतो. पक्षकाराच्या नावावरूनही शोध घेता येतो. मात्र एका तालुक्यात एकाच नावाचे चार इसम असणे नवलाचे नाही. दाव्याचे वर्ष व विरुद्ध पक्षाचे नाव ताडून पाहावे.

अधिनियमांचा मूळ पाठ ‘इंडिया कोड’ या शासकीय संकेतस्थळावर उपलब्ध आहे. तथापि कलम वाचता येणे वेगळे आणि ते आपल्या प्रकरणास लागू करता येणे वेगळे. कोणता मुद्दा कैफियतीत घ्यावा, कोणता पुरावा जोडावा, हे संकेतस्थळ सांगत नाही. त्यासाठी वकीलच हवा, आणि तो विनामूल्य मिळू शकतो.

१९७६ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ समाविष्ट झाला. त्यास अनुसरून झालेला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, आपद्‌ग्रस्त आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. पतीचे उत्पन्न अधिक म्हणून स्त्रीला वकील नाकारला जाईल, ही समजूत खेड्यांतच नव्हे, सुशिक्षितांतही आढळते. ती निराधार आहे. इतरांसाठी प्रत्येक राज्याने उत्पन्नमर्यादा ठरविली असून उत्पन्नाबाबतचे प्रतिज्ञापत्र सामान्यतः पुरेसे मानले जाते. गोवा असो, बेळगाव असो वा इंदूर, अधिनियम एकच. महसुली न्यायालयांतील प्रकरणेही त्यात येतात, हे कुळांनी ध्यानी घ्यावे.

अर्ज राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर किंवा तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीने चौकशी करता येते. लिहिता येत नसल्यास तोंडी विनंतीही चालते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-लॉ’ योजनेत गावच्या सामाईक सेवा केंद्रातून वकिलाचा सल्ला घेता येतो. तो केवळ सल्ला होय. तो वकील न्यायालयात उभा राहत नाही.

वकील नेमला जाण्यापूर्वीच तारीख आल्यास पक्षकाराने स्वतः हजर व्हावे. तसे करण्याचा त्यास अधिकार आहे. विधी साहाय्यासाठी अर्ज केल्याचे नमूद करून मुदतीचा लेखी अर्ज द्यावा, आणि मूळ अर्जाची पोच सोबत जोडावी.