सायकलीवरील विजेरी भरवशाची कशी करावी?

ज्या आठवड्यात शेतीपंपांना रात्रपाळीची वीज मिळते, त्या आठवड्यात धारूर परिसरातील बागायतदारास हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी देण्यासाठी अपरात्री घराबाहेर पडावे लागते. ज्याचे शेत लांब तो सायकल काढतो आणि हँडलला एक स्वस्त विजेरी बांधतो. बोलीभाषेत हिलाच बॅटरी म्हणतात. धारूर हे बालाघाटच्या माथ्यावरील गाव असून तेलगावकडे जाणारा रस्ता घाटाने उतरतो. अशा उतारावर चाक खड्ड्यात आदळले आणि त्याच क्षणी दिवा गेला, तर स्वारास पुढील वळण दिसत नाही. उजेडास सरावलेली दृष्टी अंधारास पुरती सरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतात, ब्रेक दाबण्यास मात्र क्षणाचाही अवधी नसतो.

अशी विजेरी दगा देऊ लागली की दिवा वाईट निघाला, असे समजून नवी आणली जाते. हा समज बहुधा चुकीचा असतो. पूर्वीच्या काचेच्या बल्बात बारीक तार असे व हादऱ्याने ती तुटत असे. आजच्या एलईडी दिव्यात तशी तारच नाही. ज्या निळ्या एलईडीमुळे असा पांढरा प्रकाश शक्य झाला, तिच्या शोधाबद्दल तीन शास्त्रज्ञांस २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दिवा टिकाऊ झाला, पण त्यास वीज पोहोचविणारे सांधे स्वस्तच राहिले. दोष तेथे शोधावा.

तीन लहान सेलांच्या विजेरीत सेल एका प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात बसवितात. सेलांची सहा टोके आणि पिंजऱ्याची दोन, असे आठ ठिकाणी केवळ दाबाने टेकलेले सांधे झाले. सायकल आदळली की सेल आपल्या वजनाने मागे-पुढे सरकतात, स्प्रिंग दबते आणि एखादा सांधा क्षणभर सुटतो. पुष्कळ विजेऱ्यांत प्रखर, मंद व लुकलुकता असे तीन प्रकारचे उजेड असतात व बटण किंचित दाबून ते बदलतात. हा क्षणभराचा खंड म्हणजे बटण दाबले गेले, असेच आतील यंत्रणा समजते. त्यामुळे खड्ड्यागणिक उजेड आपोआप बदलतो. यास्तव सायकलीसाठी एकाच उजेडाची साधी विजेरी घेणे अधिक शहाणपणाचे होय.

दुरुस्तीस आरंभ करण्यापूर्वी दोष कोठे आहे हे ठरवावे. धातूच्या विजेरीचे मागील झाकण काढून सेलाचे उघडे टोक व नळीची बिनरंगी कडा तांब्याच्या छोट्या तारेने जोडून पाहावी. दिवा स्थिर लागला तर पुढचा भाग निर्दोष असून दोष झाकणात, म्हणजे बटणात किंवा स्प्रिंगमध्ये आहे. बटण आत एका आट्याच्या कड्याने धरलेले असते. ते कडे ढिले होणे हा सर्वांत नेहमीचा दोष असून चिमट्याची दोन टोके त्याच्या खाचांत घालून ते घट्ट करता येते. धातूच्या विजेरीत नळीतूनच वीज वाहते, म्हणून आटे व नळीची कडा स्पिरिटच्या फडक्याने स्वच्छ पुसावी. सेल पाझरून पांढरा थर साचला असेल, तर तो कोरड्या ब्रशाने झाडावा. अल्कलाइन सेलाचा थर असल्यास लिंबाच्या रसाचा बोळा फिरवावा, नंतर ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवावे. नवे व जुने सेल एकत्र घालू नयेत. दुबळा सेल आधी संपतो, इतर सेल त्यातून उलट वीज रेटतात आणि तो पाझरतो.

स्प्रिंग दबली असल्यास दोन-तीन मिलिमीटर ओढून घ्यावी. पिंजरा नळीत खुळखुळत असेल तर त्याभोवती जाड कागदाची घडी गुंडाळावी. हा उपाय फुकटचा आहे आणि बहुतेक वेळी तेवढाच पुरतो. काही जण चॉकलेटचा चंदेरी कागद चुरगाळून सेलामागे कोंबतात. तो सुटून आडवा पडल्यास सेलाची दोन्ही टोके जोडली जाण्याची भीती असते, म्हणून हा प्रकार टाळावा.

लिथियम सेलाच्या विजेरीत तर अशी जोडणी आगीस निमंत्रण ठरते. १८ मिलिमीटर जाडीच्या व ६५ मिलिमीटर लांबीच्या या सेलावर ९९०० मिलिअँपिअर-तास असा आकडा छापलेला दिसला, तर तो खोटा समजावा. चांगल्या सेलाची क्षमता त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. पोचा आलेला किंवा वेष्टन फाटलेला सेल वापरू नये, तसेच सेलावर घरी सोल्डर करू नये. घरच्या विजेवर थेट भारित होणाऱ्या स्वस्त विजेऱ्यांपैकी अनेकांत झटक्यापासून संरक्षण देणारा ट्रान्सफॉर्मर नसतो, म्हणून प्लग लावलेला असताना ती उघडणे प्राणघातक ठरू शकते. तिच्यातील ४ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी रिकामी पडून राहिल्यास निकामी होते. पावसाळ्यात विजेरी लागत नसली तरी महिन्यातून एकदा ती भारित करावी.

बांधणीसाठी सुतळी वापरू नये. जुन्या ट्यूबची दोन बोटे रुंद पट्टी हँडल व विजेरी यांमध्ये गादीसारखी ठेवून दुसऱ्या पट्टीने ताणून बांधावी. रबर हादरा शोषून घेते व विजेरी फिरू देत नाही. प्रकाशझोत दहा-बारा पावलांवर रस्त्यास टेकेल इतकी ती खाली कलवावी, म्हणजे समोरून येणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत. मागून येणाऱ्या वाहनास दिसण्यासाठी मडगार्डवर लाल परावर्तक असावाच.

एवढे झाल्यावर अंगणातच परीक्षा घ्यावी. विजेरी लावून पुढचे चाक वीतभर उचलावे व दहा वेळा सोडावे. उजेड एकदाही लवला तर सांधा अजून ढिला आहे. तो सापडेपर्यंत त्या सायकलीने रात्री घाट उतरू नये.