कनाती आधी सोडा

वळवाच्या पावसाचा विषय निघाला की मुरबाडकडचे एक शेतकरी काका अजूनही पावसाला नाही, मांडववाल्याला शिव्या घालतात. मुलीच्या हळदीच्या दुपारीच त्यांनी त्याला बजावलं होतं, "निदान कनाती तरी सोडून ठेव." त्यांच्या मोबाईलवर 'दामिनी' ॲपने इशारा दिला होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं हे ॲप आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटरांतल्या विजांची खबर देतं. मांडववाला हसला. "काका, मोबाईलात रोजच वीज पडते. दोन थेंब येतील नि जातील." चारी बाजू कापडाने बंद, वर झालरीचं छत, पुढे फुलांची कमान. फोटो चांगले यायला हवेत ना!

मुरबाड-शहापूरचा पट्टा सह्याद्रीच्या पायथ्याशी. एप्रिल-मेमध्ये जमीन भाजून निघते, अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा घाटाला थडकून वर चढते आणि दुपारनंतर बघता बघता ढगांचे मनोरे उभे राहतात. सकाळच्या लख्ख उन्हावर भरवसा ठेवायचा नाही तो यासाठी. शहापूरकडचे वीटभट्टीवाले हे चांगलं जाणतात. कच्ची वीट भिजली की तिचा चिखलच, म्हणून प्लास्टिक सदा हाताशी. मांडववाल्याचं काय जातं?

चारच्या सुमाराला माळशेजकडचं आभाळ काळं झालं. जीव नकोसा करणाऱ्या उकाड्यात एकदम गार वारा सुटला. बायका म्हणाल्या, बरं वाटलं. काकांच्या मात्र पोटात गोळा आला. ढगातून पावसासोबत थंड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि पावसाच्या आधी आपल्यापर्यंत पोहोचते. ती अंगाला लागली की उरतात ती मोजकी मिनिटं. काकांनी ओरडून बायकापोरांना शाळेच्या पक्क्या इमारतीत पिटाळलं, आचाऱ्याला शेगड्या विझवायला लावल्या, जनरेटर बंद केला. मांडववाला तेव्हाही कमानीची फुलं सावरत होता. हे वाक्य काका दर वेळी सांगतात, आवाज चढवून.

मग कनातींत वारा भरला, मांडव शिडासारखा फुगला आणि खांबांसकट उचलला जाऊन शेजारच्या भेंडीच्या शेतात पडला. माणसं आत नव्हती म्हणून निभावलं.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. म्हणजे ताशी ३० किलोमीटरला जेमतेम तग धरणारा मांडव ६० ला टिकेल, ही आशाच फोल. १३ मे २०२४ च्या वादळात घाटकोपरला १२० फूट लांब, १२० फूट उंच जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला, १७ जण गेले. तो तर लोखंडी होता.

तेव्हा मांडव घालताना दोन बाजू उघड्याच ठेवाव्यात. ताण देणाऱ्या दोऱ्या नुसत्या विटांना नकोत, जमिनीत खोल ठोकलेल्या खुंट्यांना बांधाव्यात. शाळेची किल्ली आदल्या दिवशीच मागून ठेवावी. ऐन वेळी शिपाई सापडत नाही. टॉर्च, चार्ज केलेला फोन वगैरे सगळ्यांना ठाऊक आहेच. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. आंब्याखाली किंवा पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये थांबून काही उपयोग नाही. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. न घाबरता हात लावावा, श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करावी आणि १०८ ला फोन लावावा.

काकांच्या गोठ्याचेही पत्रे उडाले होते. त्यांनी आवराआवर करण्याआधी फोटो काढले आणि तलाठ्याकडे पंचनाम्यासाठी अर्ज दिला. सरकारी मदतीच्या निकषांत घराची पडझड किमान १५ टक्के आणि पिकाचं नुकसान ३३ टक्के असावं लागतं. भाड्याचा मांडव त्यात कुठेच बसत नाही.

मांडववाल्याने ठरलेले पैसे तर मागितलेच, वर फाटलेल्या कनातींची भरपाईही. काकांनी अनामत सोडून एक रुपया दिलेला नाही. किन्हवलीच्या साडूंना मात्र त्यांनी या वर्षी चिठ्ठीच लिहून घ्यायला लावली: इशारा आला की कनाती उतरवायच्या, उतरवल्या नाहीत तर नुकसान मांडववाल्याचं. खाली सही, तारीख आणि दोन साक्षीदार.