तारुण्यपीटिका आणि घरगुती उपचार

आठवीपासून दहावीपर्यंतच्या कोणत्याहि वर्गावरून दृष्टि फिरविली असतां कित्येक मुलामुलींच्या कपाळावर, गालांवर व हनुवटीवर तांबूस पुटकुळ्या दिसून येतात. लौकिकांत त्यांस मुरूम व ग्रंथांतून तारुण्यपीटिका म्हणतात. सुश्रुतसंहितेंत ह्याच विकारास मुखदूषिका असें नांव असून त्या पुटकुळ्यांस सांवरीच्या कांट्यांची उपमा दिलेली आहे. तेव्हां हा विकार आजच्या पिढीनें नवीनच ओढवून घेतला, असें मुळींच नाहीं. ह्यानें कोणाचा प्राण जात नाहीं, हें खरें. तथापि ह्याच्यामुळें हुशार मुलगा उत्तर ठाऊक असूनहि उभा राहात नाहीं, आणि स्नेहसंमेलनांत गाणारी मुलगी ऐन वेळीं नांव मागें घेते, हें आम्ही शिक्षक पाहतों. शिवाय भलत्या उपचारानें पडलेले व्रण जन्मभर राहूं शकतात. म्हणून घरगुती उपचारांपैकीं ग्राह्य कोणते व त्याज्य कोणते, ह्याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

प्रथम कारण पाहूं. आपल्या त्वचेंत केसांच्या मुळांलगत सूक्ष्म तैलग्रंथि असतात. त्यांतून पाझरणारें तेल त्वचेस मऊ ठेवतें. वयांत येतांना मुलांच्या व मुलींच्याहि शरीरांत अँड्रोजन नांवाचीं संप्रेरकें वाढतात व त्यायोगें ह्या ग्रंथि अधिक तेल स्रवूं लागतात. त्याच वेळीं रंध्रांतील मृत पेशी एकमेकींस चिकटून तोंडाशीं बूच बसतें. आंत कोंडलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नांवाचे जंतु पोसतात, शरीर त्यांचा प्रतिकार करितें, आणि सूज, लाली व पू हीं दिसूं लागतात.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, ती ही कीं, मुरूम म्हणजे मळ नव्हे. रंध्राच्या तोंडाशीं दिसणारा काळा ठिपका धुळीचा असतो, असा सार्वत्रिक समज आहे; वस्तुतः तो रंग त्वचेंतीलच मेलॅनिन ह्या द्रव्याचा व हवेच्या संयोगानें पालटलेल्या तेलाचा होय. सबब दिवसांतून आठ वेळां साबण चोळल्यानें तो जात नाहीं. उलट त्वचा कोरडी पडून दाह वाढतो. सकाळीं, रात्रीं व खेळून घाम आल्यावर सौम्य साबणानें आणि कोमट पाण्यानें तोंड धुवावें व मऊ पंचानें टिपून घ्यावें. सर्व घरगुती उपचारांत हा पहिला होय.

आतां स्वयंपाकघरांतील व परसांतील औषधांकडे वळूं. "नैसर्गिक आहे, तेव्हां अपाय होणार नाहीं," ही समजूत घरोघर आढळते. परंतु बिब्बाहि नैसर्गिकच आहे, आणि त्याचें तेल अंगास लागलें तर कसे फोड येतात, हें खेड्यांत कोणासहि सांगावें लागत नाहीं. वस्तु झाडाची कीं कारखान्याची, हा प्रश्न गौण. ती त्वचेवर काय करिते, हा प्रश्न मुख्य.

लिंबाचेंच उदाहरण घ्या. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित् आम्ल असून त्याचा पी.एच. अंक सुमारें ५ असतो. लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास असतो. एकेका अंकागणिक आम्लता दहापट वाढते, हें रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं आठवावें. म्हणजे हा फरक सुमारें हजारपट झाला! असा रस लावून उन्हांत गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडूं शकतात. ठेचलेला लसूण, खाण्याचा सोडा व दांत घासण्याची पेस्ट हींहि त्वचेचा दाह करणारीं आहेत. हीं सर्व त्याज्य समजावींत.

ग्राह्य उपचार सौम्य आहेत. मुलतानी माती किंवा हरबऱ्याच्या डाळीचें पीठ पाण्यांत कालवून आठवड्यांतून एकदां दहा मिनिटें लावावें. वरचें तेल शोषलें जातें. तें खडखडीत वाळूं देऊं नये, व काढतांना घासूं नये. कोरफडीचा गर पिवळा चीक धुऊन टाकून लावल्यास दाह शमतो. सुजलेल्या पुटकुळीवर स्वच्छ फडक्यांत बर्फ गुंडाळून क्षणभर धरल्यास ठणका कमी होतो. हळद व कडुनिंब ह्यांचे जंतुनाशक गुण प्रयोगशाळेंत दिसून आले आहेत. पण परीक्षानळींतील गुण मुखावर तितकाच उतरेल असें नव्हे. मधाचेंच पाहा : न्यूझीलंडमध्यें १३६ जणांवर कानुका नांवाच्या झुडपाच्या मधाचा प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाला, आणि नुसत्या जंतुनाशक साबणाहून मधानें अधिक गुण येतो असें कांहीं ठरलें नाहीं. उलट ऑस्ट्रेलियांतील टी-ट्री नांवाच्या झाडाच्या तेलाची १९९० सालीं १२४ रोग्यांवर परीक्षा झाली, तेव्हां त्याच्या शेंकडा ५ प्रमाणाच्या मिश्रणानें हळूहळू कां होईना, पण गुण आला. तें तेल निव्वळ मात्र लावूं नये. कोणतीहि नवी वस्तु प्रथम कोपराच्या आंतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी, हा नियम आयांनीं ध्यानांत ठेवावा.

घरांतील दोन संवयींकडेहि पालकांचें लक्ष वेधतों. केसांस चोपडलेलें तेल कपाळावर ओघळलें म्हणजे तेथें बारीक मुरूम उठतात. अमेरिकेंतील क्लिगमन व त्यांचे सहकारी ह्यांनीं केसांच्या तेलकट लेपांनीं होणाऱ्या अशा पुटकुळ्यांचें वर्णन १९७० सालीं केलें आहे. तेल बेतानें लावावें व कपाळ पुसून घ्यावें. दुसरी गोष्ट आहाराची. ऑस्ट्रेलियांत ४३ तरुणांवर बारा आठवडे प्रयोग करून २००७ सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, रक्तांतील साखर झपाट्यानें वाढविणारे पदार्थ कमी केल्यानें मुरूम कमी होतात. तेव्हां मैद्याचीं बिस्किटें व बाटलींतील गोड पेयें ह्यांच्याऐवजीं भाकरी, उसळ, पालेभाजी हाच आहार हितकर.

कोणत्याहि उपचारास सहा ते आठ आठवडे दिले पाहिजेत. चार दिवसांत गुण नाहीं म्हणून रोज नवें कांहीं लावणें, आणि आरशासमोर उभें राहून नखांनीं पुटकुळ्या फोडणें, हीं व्रणांचीं मुख्य कारणें होत. गोरेपणाच्या आशेनें स्टेरॉइडयुक्त मलम तर कदापि लावूं नये. त्यानें त्वचा पातळ पडते व मुरूम अधिकच उठतात. अशीं अनेक मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत, असा नियम केंद्र सरकारनें २०१८ सालीं केला, तो ह्याच अनर्थामुळें. मोठ्या दुखऱ्या गांठी, पडूं लागलेले खड्डे, किंवा दोन महिन्यांनींहि न हटणारा विकार असल्यास घरगुती औषधें थांबवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावें. वेळेवर दिलेलें औषध हा विकार आटोक्यांत आणतें. जुना व्रण मात्र पुरता पुसणें कठीण.

शेवटीं एक उपचार असा आहे कीं, तो बाजारांतहि मिळत नाहीं व परसांतहि उगवत नाहीं. विद्यार्थिमित्रहो, सोबत्याच्या मुखावरून त्यास टोपणनांव ठेवूं नका. आणि पालकहो, पाहुण्यांसमोर मुलीच्या चेहऱ्याची चर्चा करूं नका. हा विकार तिच्या आळसाचा किंवा अस्वच्छतेचा पुरावा नसून तिच्या वाढीची खूण आहे. हें तिला घरांत कोणीतरी समजावून सांगितलें, तर लिंबू व लसूण ह्यांच्याकडे तिचा हात सहसा जाणार नाहीं, आणि वर्गांत उत्तर देण्यासाठीं तो निःशंकपणें वर होईल.